घरच्या बारसाठी ग्लास घेताय? आधी पाणी मोजा

घरी छोटासा बार मांडायचं ठरलं तेव्हा मी पहिली खरेदी केली ती सहा मार्टिनी ग्लासांची. उंच दांडी आणि वर उलट्या छत्रीसारखा पसरलेला कोन. फोटो बघून ऑनलाइन मागवले. शनिवारी मित्र आला. मी ऐटीत ६० मिली जिन आणि १५ मिली व्हरमूथ (औषधी वनस्पती घातलेली वाइन) बर्फावर ढवळून ग्लासात गाळलं, तर काठ चांगला दोन बोटं वर राहिला. पाहुण्याला अर्धवट ग्लास कसा द्यायचा, म्हणून आणखी एक घाणा काढून त्यातच ओतला. म्हणजे एका ग्लासात दोन लार्ज पेग, तेही सोडा-पाण्याशिवाय. मित्राने कसाबसा अर्धा संपवला, तोवर उरलेला कोमट झाला, आणि टीपॉयवर ठेवताना त्यातला बराचसा सोफ्यावर सांडला. दुसऱ्या दिवशी मोजलं तर ग्लास २८० मिलीचा निघाला.

आकार बघून घेतले होते, माप बघितलंच नव्हतं. ज्यांना पहिल्यांदाच ग्लास घ्यायचे आहेत त्यांनी कुठल्या क्रमाने जावं, ते सांगतो.

१. महिनाभरात काय प्यायलात ते आठवा

कागद घ्या आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत घरी जे ओतलं ते लिहून काढा. पुढेमागे करून बघायचंय ते नको, प्रत्यक्ष ओतलेलं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत ही यादी अशी निघते: व्हिस्की-सोडा, रम आणि कोला, जिन-टॉनिक. एप्रिल-मे महिन्यात गोव्यात गेला असाल तर उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, त्यात लिंबू-सोडा, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. अधूनमधून कोणी हौशी ओल्ड फॅशन्ड (व्हिस्की, साखर, बिटर्स म्हणजे कडू अर्काचे थेंब) किंवा व्हिस्की सावर (व्हिस्की, लिंबू, साखर) करतो.

आता या यादीचे तीन ढीग करा. सोडा किंवा टॉनिक घालून वाढवलेली पेयं एकीकडे. थोडक्या द्रवात मोठा बर्फ टाकून सावकाश प्यायची दुसरीकडे. आणि बर्फाबरोबर हलवून किंवा ढवळून, मग बर्फ गाळून टाकून दिली जाणारी तिसरीकडे. मार्टिनी, डाकिरी या तिसऱ्या ढिगातल्या. ज्या ढिगात काहीच नाही, त्याचे ग्लास आज घेऊ नका. माझ्या यादीत पहिला ढीग डोंगराएवढा होता आणि मी खरेदी केली होती तिसऱ्याची.

(जाता जाता एक. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि बिअर-वाइन सोडून बाकीच्या दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. ग्लासांवर खर्च करण्याआधी परवाना काढून टाका, तो ग्लासांपेक्षा स्वस्तात पडतो.)

२. घरातलेच ग्लास काट्यावर ठेवा

स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर रिकामा ग्लास त्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली, त्यामुळे आकडा थेट वाचता येतो. काटा नसेल तर केकच्या मापाचा कप चालेल. फडताळातला प्रत्येक प्रकार असा मोजा: लग्नात आलेला सेट, सरबताचे ग्लास, कोणीतरी विसरून गेलेला वाइनचा ग्लास. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि निम्म्या लोकांची खरेदी इथेच निम्म्यावर येते.

खोक्यावर किंवा वेबसाइटवर दिलेलं माप बहुतेक वेळा काठोकाठ भरल्यावरचं असतं. काठोकाठ भरलेला ग्लास कोणी उचलत नाही, बोटभर जागा लागतेच. तेव्हा १८० मिलीच्या ग्लासात कामाचे १५० धरा.

आता दुसरी बाजू, तुमचं पेय किती होतं? इथे नवखे हमखास फसतात, कारण बर्फ वितळून त्याचं पाणी पेयात मिसळतं हे हिशोबात धरलेलं नसतं. डाकिरीचंच बघा: ६० मिली रम, २० लिंबाचा रस, २० साखरेचा पाक, म्हणजे १००. ते शेकरमध्ये बर्फाबरोबर दहा-पंधरा सेकंद जोरात हलवलं की साधारण १३० होतं. नुसतं चमच्याने ढवळलेलं थोडं कमी वाढतं. माझी ७५ मिलीची मार्टिनी ढवळून झाल्यावर ९५ च्या आसपास भरते. विश्वास बसत नसेल तर एकदा गाळून मापात ओतून बघा, मीही तसंच शिकलो.

३. पहिले ग्लास: उंच आणि अरुंद

ज्याला हायबॉल म्हणतात तो हा. सरळ भिंतींचा, उंच, ३०० ते ३५० मिलीचा. कॉलिन्स म्हणून विकला जातो तो याचाच जरा सडपातळ आणि उंच भाऊ. दोन्ही घेण्याची अजिबात गरज नाही.

हिशोब असा: एक लार्ज पेग ६० मिली, त्यावर सोडा १२० ते १५०, झाले २०० च्या आसपास. फ्रिजच्या ट्रेमधले चार-पाच खडे आणखी शंभरएक मिली जागा खातात. म्हणून ३०० च्या खाली गेलात तर एकतर बर्फ कमी पडतो किंवा सोडा, आणि कमी बर्फ टाकला की तो लवकर वितळून पेय पाणचट होतं. भरपूर बर्फ पेयाला पाणचट करत नाही, उलट ते गार ठेवून स्वतःही टिकतो. "बर्फ कमी, माल जास्त" म्हणणाऱ्या काकांना हे पटत नाही, मी पटवणं सोडून दिलंय.

अरुंद कशाला? सोड्याचा वायू वरच्या उघड्या पृष्ठभागातून निसटतो. तोंड जितकं पसरट तितका सोडा लवकर मरतो. आपल्याकडे व्हिस्की-सोडा वर्षानुवर्षं बुटक्या, रुंद "व्हिस्कीच्या ग्लासात" दिला जातो, आणि चखणा संपेपर्यंत त्यातला जीव गेलेला असतो. तोच सोडा, तोच पेग उंच ग्लासात ओतून दोन्ही शेजारी ठेवा आणि वीस मिनिटांनी चाखा.

पण फार अरुंदही नको. दुकानात आपला हात ग्लासात घालून बघा. बोटं बुडापर्यंत पोचली पाहिजेत, नाहीतर घासणीही पोचणार नाही आणि तळाशी लिंबाचा चोथा चिकटून राहील. आतून साडेपाच-सहा सेंमी रुंदी असली की भागतं.

घरात एकच प्रकार घ्यायचा असेल तर हाच घ्या, सहा नग. न पिणाऱ्यांना यातच कोकम सरबत किंवा ताजं लिंबू सोडा द्या. सगळ्यांच्या हातात सारखे ग्लास असले की "तू का घेत नाहीस?" ही चौकशी आपोआप कमी होते.

४. दुसरे: बुटके, जड बुडाचे

रॉक्स किंवा ओल्ड फॅशन्ड ग्लास. यात दोन मापं मिळतात. धाकटा १८० ते २४० मिलीचा, थोरला ३०० ते ३५० चा. थोरलाच घ्या, आणि कारण आहे बर्फ.

मी हौसेने ५ सेंमीच्या मोठ्या चौकोनी खड्यांचा सिलिकॉनचा साचा आणला होता. घरातल्या धाकट्या ग्लासाचं तोंड आतून मोजलं तर साडेसहा सेंमी. पाचचा खडा साडेसहाच्या तोंडात आरामात जाईल असं वाटलं. नाही गेला. झाकण बसावं तसा तोंडावरच अडकला, आणि खाली व्हिस्की, वर बर्फ, मधे हवा असा देखावा तयार झाला. शाळेतलं गणित नंतर आठवलं: गोल तोंडात चौकोन जायचा तर बाजू नाही, कर्ण मोजावा लागतो, आणि ५ सेंमीच्या चौकोनाचा कर्ण ७ सेंमीच्या किंचित वर भरतो. म्हणजे तोंड आतून निदान साडेसात हवं. शिवाय ग्लास खाली निमुळता होत असेल तर खडा मध्येच अडकतो, म्हणून बुडाजवळची रुंदीही बघा. दुकानात जाताना कपाट मोजायची टेप खिशात टाका. दुकानदार बघतो, बघू दे.

जड बूड दिसायला छान म्हणून नसतं. ओल्ड फॅशन्ड परंपरेने ग्लासातच करतात. साखरेचा खडा, बिटर्सचे थेंब, मग दांडक्याने चेचणं. पातळ बुडाचा ग्लास त्या दांडक्याखाली तडकू शकतो.

व्हिस्की सावर किंवा मार्गारिटा (टकीला आणि लिंबू) बर्फावर दिली तर तीही यातच. मार्गारिटासाठी जो दोन मजली, टोपीसारखा ग्लास मिळतो तो कपाटात दोघांची जागा अडवतो आणि वर्षातून एकदा बाहेर येतो.

५. तिसरे: दांडीचे, पण लहान

तिसऱ्या ढिगात काही असेल तरच हे वाचा. बर्फ गाळून दिलेलं पेय गार राहायला फक्त ग्लास असतो. म्हणून दांडी हवी, हाताची ऊब वाटीला लागत नाही. आणि म्हणूनच माप लहान हवं, म्हणजे पेय गार आहे तोवर संपतं.

कूप म्हणजे पसरट वाटीचा ग्लास, १५० ते १८० मिलीचा घ्या. आपली १३० मिलीची डाकिरी त्यात बरोबर बसते. अंड्याचा पांढरा बलक घालून सावर केली तर वर फेस येतो, त्याला बोटभर जागाही उरते. मार्टिनीच जास्त होत असेल तर निक अँड नोरा बघा: घंटेच्या आकाराचा, १२० ते १५० मिलीचा, काठ आत वळलेला, त्यामुळे चालताना हिंदकळत नाही. १९३४ च्या एका हॉलिवूडपटातल्या सतत पीत असलेल्या जोडप्यावरून हे नाव आलं. न्यूयॉर्कच्या रेनबो रूम बारमध्ये बारटेंडर डेल डिग्रॉफ यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हा विस्मरणात गेलेला आकार पुन्हा टेबलावर आणला.

आणि तो व्ही आकाराचा? त्याचं दुखणं भूमितीतच आहे. कोनात सगळा माल वरच्या भागात असतो. अर्ध्या उंचीपर्यंत भरलात तर एकूण मापाच्या फक्त एक अष्टमांश द्रव मावतो, आणि अगदी वरच्या एक दशांश उंचीत तब्बल २७ टक्के. त्यामुळे जरा कमी ओतलं की ग्लास रिकामा दिसतो, आणि भरल्यासारखा दिसेपर्यंत ओतलं की पहिल्याच हिसक्याला सांडतो. मन त्यावरच असेल तर १५० मिलीचा शोधा. माझ्या सहांपैकी उरलेल्या दोघांत आता श्रीखंड वाढतो. त्यात ते फारच देखणं दिसतं.

६. न घेण्याची यादी

तांब्याचे मग. मॉस्को म्यूल हे १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमधून पसरलेलं पेय, व्होडका, आल्याची बिअर आणि लिंबू. ते तांब्याच्या मगात देतात. आपल्याला यातली गोम कोणी सांगायला नको: बिनकल्हईच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं. अमेरिकेच्या अन्न नियमावलीतही ६ पेक्षा कमी पीएचचे पदार्थ उघड्या तांब्याला लागू देऊ नका असं म्हटलंय, आणि लिंबाचा रस तर २-३ च्या घरात असतो. मग आतून चंदेरी दिसत असेल, म्हणजे स्टीलचं किंवा निकेलचं अस्तर असेल, तर खुशाल घ्या. आतून लाल दिसला तर त्यात मनी प्लांट लावा.

फुगीर जिनचा ग्लास. स्पेनमध्ये जिन-टॉनिक मोठ्या गोल ग्लासात देतात, आणि २०१७ मध्ये ग्रेटर दॅन ही जिन आल्यापासून गोव्यात बनणाऱ्या जिनांची चलती झाली तशी ती पद्धत आपल्या बारमध्येही आली. वास छान भरून राहतो हे खरं. पण घरात रेड वाइनचा मोठा ग्लास असेल तर तो हेच काम करतो. पाऊण ग्लास बर्फाने भरायचा असतो हे मात्र लक्षात ठेवा. ट्रेमधले चार खडे त्यात टाकले तर तळ्यात बदकं सोडल्यासारखी दिसतात.

हरिकेन (कंदिलाच्या काचेसारखा उंच ग्लास), टिकी मूर्त्या (मूर्तीच्या आकाराचे मग), रंगीत दांड्या: पुढच्या वर्षी.

७. काच कशी बघायची

रोजच्या वापराचे बहुतेक ग्लास साध्या सोडा-लाइम काचेचे असतात, आणि घरच्या बारला ते पुरेसे आहेत. उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद हे आपल्याकडचं काचेचं जुनं गाव, बराच स्वस्त माल तिथून येतो. बोरोसिलिकेट काच गरम-थंडाचा झटका चांगला सोसते, त्यामुळे ज्यांना गरम टॉडी (ताडी नव्हे, गरम पाण्यातली व्हिस्की) करायची आहे त्यांच्यासाठी ती बरी. गार पेयांना तिचा खास उपयोग नाही. जुन्या कट-ग्लासमध्ये शिसं असू शकतं. युरोपात लेड क्रिस्टल म्हणवून घ्यायला निदान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं. तासाभराच्या पेयाची गोष्ट वेगळी, पण तशा सुरईत व्हिस्की महिनोन्‌महिने भरून ठेवू नका. दारूत शिसं हळूहळू उतरतं.

हातात घेतल्यावर बघायचं ते असं. काठावरून बोट फिरवा. काठाला गोल, जाडसर वळ असेल तर ग्लास दणकट, पण घोट जाड धारेने तोंडात येतो. काठ सपाट कापून घासलेला असेल तर पिताना मजा येते, फक्त टवका उडायची भीती जास्त. हायबॉल-रॉक्स थोडे जाड काठाचे आणि कूप पातळ काठाचे, अशी वाटणी मी केली आहे. मग ग्लास सपाट काउंटरवर ठेवून टिचकी मारा, डुगडुगला तर परत द्या. उजेडाकडे धरून बुडबुडे आणि दांडीवरची जोडाची रेघ बघा. रेघ असली म्हणून काही बिघडत नाही, भाव करायला कामी येते.

८. कुठे आणि किती

हॉटेलांना माल देणारी दुकानं शोधा. पुण्यात रविवार पेठ, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या. तिथे पहिला प्रश्न विचारायचा: "सुटे मिळतील का?" आणि दुसरा: "हाच नग पुढच्या वर्षी मिळेल का?" सहाच्या सेटमधले दोन फुटणारच आहेत. तोच नमुना पुन्हा मिळाला तर सेट मोडत नाही. बोरोसिल, येरा, थायलंडची ओशन अशांचे साधे नमुने वर्षानुवर्षं चालू असतात. नक्षीदार, सणासुदीचे सेट मात्र एकदा संपले की संपले.

दोघांच्या घराला सहा हायबॉल, चार रॉक्स, आणि लागलेच तर चार कूप. घेण्याआधी कपाटाच्या कप्प्याची उंची मोजा. ट्रॉलीच्या तारेच्या जाळीत दांडीचे ग्लास ठेवू नका, ड्रॉवर ओढला की एकमेकांवर आपटतात.

९. घरी आल्यावर

तेलकट कढईची घासणी ग्लासांना लावायची नाही. तेलाचा पुसट थर राहिला तरी फेस बसतो आणि पहिल्या घोटाला फोडणीचा वास येतो. वेगळी मऊ घासणी ठेवा. बोअरच्या पाण्याने पांढुरकी झाक आली तर व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून विसळा. निथळले की जुन्या सुती पंच्याने पुसा. पुसताना एका हातात बैठक आणि दुसऱ्यात वाटी धरून पिळलंत तर दांडी मधोमध तुटते. ज्या हाताने पुसताय त्याच भागाला दुसऱ्या हाताने धरा. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सिंकमधला पसारा बघून आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, दांडीचे तुम्हीच धुवा, मी हात लावणार नाही." तेव्हापासून ते काम माझं.

कपाटात पालथे ठेवले तर पावसाळ्यात आत कोंदट वास धरतो, डांबराच्या गोळ्या जवळ असतील तर विचारूच नका. मी उताणे ठेवतो आणि वापरायच्या आधी एकदा विसळतो. कूप दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, जागा नसेल तर ओतण्यापूर्वी त्यात बर्फ आणि पाणी भरून ठेवा. फ्रीझरमधून काढलेल्या ग्लासावर गरम पाणी कधीही सोडू नका.

आणि फुटला तर मोठे तुकडे हाताने नको, सुपलीत झाडूने घ्या. डोळ्याला न दिसणाऱ्या किरचा उचलायला भिजवलेल्या कणकेचा गोळा फरशीवर दाबत फिरवा, तो सगळं टिपून घेतो. हे सगळं चार पदरी वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टी लावा, वर मार्करने ठसठशीत "काच" लिहा आणि सुक्या कचऱ्यात न टाकता सकाळी घंटागाडीवाल्या दादांच्या हातात सांगून द्या.